बारदान निगमात घरतांचा हिस्सा

सरकारने राष्ट्रीय बारदान निगमातला आपला थोडा हिस्सा जनतेला विकायला काढला आणि त्याचा पहिला परिणाम असा झाला, की कामोठ्याच्या धनेश घरत सरांच्या घरात मासळी शिजायची बंद झाली. जाणकारांनी या विक्रीचे पुष्कळ बरेवाईट परिणाम वर्तवले होते. अग्रलेख आले, टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं एकदम ओरडली. पण बोंबील, वाकटी आणि जवळा यांचं काय होणार, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तज्ज्ञांचं हे असंच असतं.

झालं ते असं. निगमाचा गोण्यांचा कारखाना रोडपालीला खाडीच्या अंगाला आहे. फार वर्षांपूर्वी तिथं मिठागरं होती, खारी शेतं होती आणि त्यातलं एक शेत घरतांचं होतं. सरकारने जमीन घेतली, मोबदला दिला, सातबाऱ्यावरून घरतांचं नाव उतरलं आणि भोवती भिंत चढली. सगळं अगदी रीतसर. फक्त बांधावरच्या करंजाखाली बसलेल्या राखणदाराला नोटीस द्यायची राहून गेली. नोटीस नाही म्हणून तो उठला नाही. शेत गेलं, बांध गेला, गोण्यांची गोदामं उभी राहिली आणि राखणदार शेंदूर लावून आपला होता तिथंच बसून राहिला.

राखणदार म्हणजे शेताची, घरादाराची राखण करणारा देव. पेरणीआधी त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, त्याला राखण देणं म्हणतात. आता घरतांच्या घरात पेरणी करतं कोण, हा प्रश्न सरांच्या आईला, जिजाबाईंना, विचारायचा नसतो. सर शाळेत भूगोल शिकवतात, त्यांची बायको प्रमिला पतपेढीत आहे, मुलगी मनस्वी कॉलेजात आहे आणि घरातली एकमेव लागवड म्हणजे गॅलरीतल्या कुंडीतला ओवा. पण म्हणून देवाने काय रजेवर जायचं?

निगम पूर्ण सरकारी होता तोवर अडचण नव्हती. मागच्या फाटकावर पांडू नावाचा वॉचमन होता. जिजाबाई पिशवीत कोंबडा घेऊन आल्या, की पांडू इकडेतिकडे बघून फाटक किलकिलं करायचा आणि परत जाताना प्रसादाच्या नारळाची भकल घ्यायचा. सरकारी म्हणजे आपलंच, यावर दोघांचाही गाढ विश्वास होता. मग विक्रीची घोषणा झाली. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर घर आवरतात तसं निगमाने स्वतःला आवरायला घेतलं. भिंत उंच झाली, तिच्यावर कॅमेरे बसले, पांडू घरी गेला आणि फाटकावर टोप्या घातलेले नवे रक्षक आले. त्यांनी जिजाबाईंना कोंबड्यासकट परत पाठवलं.

जिजाबाई घरी आल्या. कोंबडा गॅलरीत बांधला, पाय धुतले आणि सोफ्यावर बसून जाहीर केलं, "राखनदार उपाशी हाय. त्याला राखन मिलंपर्यंत या घरान मासली शिजनार नाय."

"आई, सुकट तरी?" सरांनी विचारलं.

"सुकट काय भाजीवानी झाराला लागते?"

आगरी घरात मासळी बंद म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही. सरांनी सुरुवातीला ते भारदस्तपणे घेतलं. शाकाहाराने बुद्धी तल्लख होते, असं ते शिक्षकांच्या खोलीत म्हणालेही. पण गटारीच्या दिवशी, जेव्हा सगळं कामोठं मटणाच्या रांगेत उभं होतं, तेव्हा घरत सर सहकुटुंब बटाट्याची भाजी खात बसले. पुढे श्रावण आला तेव्हा उलट त्यांना बरं वाटलं. निदान एक महिना तरी त्यांचं दुःख सार्वजनिक झालं. जिजाबाई मात्र खरोखरच वाळत चालल्या होत्या. त्यांना भाजीपाला कधी मानवला नव्हता, आणि रात्री झोपेत त्या कोणाला तरी 'येतंय, येतंय' म्हणत. ते ऐकून सर अंथरुणात उठून बसायचे.

कोंबडा मात्र सुधारला. राखणीसाठी राखलेला असल्यामुळे त्याला हात लावायची सोय नव्हती. तो ओवा खाऊन संपवायचा आणि भल्या पहाटे सगळी इमारत उठवायचा. सोसायटीच्या चेअरमनांनी आधी सूचना लावली, मग प्रत्यक्ष भेटून हात जोडले. "सर, याचं एकदाचं कधी आहे हो?" असं ते लिफ्टमध्ये दबक्या आवाजात विचारू लागले.

अशा वेळी भावेश मदतीला धावला. भावेश खालच्या मजल्यावर राहतो. त्याचं पनवेलात हार्डवेअरचं दुकान आहे, पण जीव शेअर बाजारात. तो म्हणाला, "सर, फाटकावर कशाला भीक मागता? सरकार विकतेय ना, तर घेऊन टाका. शेअर घ्या, मालक बना, छाती काढून आत जा."

दुसऱ्या एखाद्या गावात हे बोलणं हसण्यावारी गेलं असतं. पण पनवेल तालुक्यात जन्मलेल्या माणसाला पाढ्यांच्या आधी सातबारा येतो. आणि सातबाऱ्याचा पहिला नियम असा, की जमीन सामाईक असेल आणि वाटप झालेलं नसेल, तर हिस्सा आणेवारीत कितीही बारीक असो, प्रत्येक हिस्सेदाराचा प्रत्येक इंचावर हक्क. सरांच्या चुलत चुलत्याने एवढ्याच जोरावर एका बिल्डरचा टॉवर वर्षानुवर्षं रोखून धरला होता. सरांनी निगमाचं माहितीपत्रक, त्यातल्या जोखमीच्या पानासकट, पेन्सिल घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचलं. निगमाचं वाटप झाल्याचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. म्हणजे एक शेअर जरी मिळाला, तरी करंजाखालच्या इंचातही घरतांचा हिस्सा आलाच. इतकं सरळ गणित या देशात कोणाला कसं सुचलं नाही, याचं सरांना आश्चर्य वाटलं.

मग अर्ज. मनस्वीने मोबाइलवर खातं उघडायला घेतलं. फोटो काढताना डोळे मिटू नका म्हणे, आणि सरांना कॅमेऱ्यासमोर डोळे उघडे ठेवायची सवय नाही. तेही जमलं. पण पुढे खात्री करायचा नंबर येईना. पुन्हा मागवला, पुन्हा नाही. प्रमिलाने बँकेला शिव्या घातल्या, सरांनी सरकारला. संध्याकाळी कळलं, की सरांच्या आधारला जोडलेला मोबाइल कधीकाळी आईला दिलेला होता, आणि सगळे नंबर इमानेइतबारे तिच्याकडे येत होते.

"आई, मग सांगायचं नाही का?"

"टीव्हीवर रोज सांगतात, कोनालाच सांगू नका. पोराला सांगा असा कुठं बोलतात?"

सरांनी आईच्या मोबाइलवरून नंबर उतरवून घेतला. अखेर घोडं गंगेत न्हालं. अर्ज करणारे फार झाले म्हणून सोडत निघाली, आणि तीत अख्ख्या इमारतीत दोघांनाच शेअर लागले, भावेशला आणि घरत सरांना. सरांनी पेढे वाटले. आईच्या हातावर पेढा ठेवला तेव्हा तिने विचारलं, "नाव लागला?"

"लागलं, आई."

तिने पेढा तोंडात न घालता कितीतरी वेळ हातातच धरला. बाबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर नाव नव्हतं ही सल तिला होती, हे सरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी घाईघाईने वळून भावेशला आणखी एक पेढा भरवला.

पुढच्या मंगळवारी घरत सर इस्त्रीचा सदरा, मोबाइलवर शेअरचा दाखला, शेजारी आई आणि आईच्या पिशवीत कोंबडा, अशा थाटात निगमाच्या पुढच्या फाटकावर रिक्षातून उतरले. मालकाने मागच्या फाटकाने का जायचं?

"पास?" रक्षकाने विचारलं.

"मालकाला पास?" सर हसले. असं हसण्याचा त्यांनी आदल्या दिवशी सराव केला होता.

रक्षकाने मोबाइल वाचला, सरांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मालिक तो राष्ट्रपतीजी हैं. बोर्ड पर लिखा है."

ते खरं होतं. सरकारी कंपनीचे शेअर राष्ट्रपतींच्या नावावर असतात. पण सर डगमगले नाहीत. त्यांनी त्या रक्षकाला ऊन डोक्यावर घेत सातबारा समजावून सांगितला. राष्ट्रपती हे मोठे हिस्सेदार, मोठ्या भावासारखे, त्यांचा मान मोठा. त्यांचं नाव वर, घरतांचं खाली. पण भोगवटादार दोघेही. मोठ्या भावाने धाकट्याला घराबाहेर उभं करावं, हे कोणत्या कायद्यात बसतं? रक्षक बिहारचा होता आणि त्याचंही गावाकडे भावाशी जमिनीवरून भांडण चालू होतं. त्याला ते पटल्यासारखं दिसलं. पण पास नाही म्हणजे नाही.

अखेर आतून प्रशासन अधिकारी आल्या. समीक्षा मॅडम त्यांचं नाव. तरुण होत्या, नम्र होत्या आणि फार दमलेल्या दिसत होत्या. "सर, तुम्ही आमचे भागधारक आहात, तुमचा आदर आहे," त्या म्हणाल्या. "पण भागधारकांना कारखान्यात सोडता येत नाही. तुमचं म्हणणं वार्षिक सभेत मांडा. तिथं तुमचा हक्क आहे."

"सभा कुठे असते?"

"मोबाइलवर."

परत येताना रिक्षात फक्त कोंबडा आरवला. आपल्या जागेत शिरायला आपण जागा विकत घेतली, आणि ती विकत घेतल्यावरही आपण बाहेरच. पांडूच्या काळात काहीही न घेता आपण आत होतो. यात कुठेतरी मोठा घोटाळा आहे असं सरांना वाटलं, पण तो नेमका कोणाचा हे कळेना. भूगोलात याचा धडा नाही.

सभेत बोलण्यासाठी सरांनी नाव नोंदवलं ही बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. भावेश म्हणाला, आधी अध्यक्षांची भरपूर स्तुती करा आणि शेवटी बोनसचं विचारा. शेजारच्या रमा काकू म्हणाल्या, भागधारकांना गोण्या स्वस्तात द्या म्हणावं, गव्हाला लागतात. चेअरमन म्हणाले, काहीही बोला पण कोंबड्याचा निकाल लावा. प्रमिला तेवढी म्हणाली, "मुद्द्याचं बोला आणि चष्मा पुसून बसा." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला मुद्दा आणि चष्मा यांचंच महत्त्व वाटू लागतं.

सभेच्या दिवशी घरतांच्या हॉलमध्ये अर्धी इमारत जमली. पडद्यावर दिल्लीहून अध्यक्ष दिसत होते, मागे तिरंगा, पुढे पाण्याची बाटली. एकेक भागधारक उठून अध्यक्षांची स्तुती करत होता. एकाने तर शेर म्हटला. मग सरांचं नाव पुकारलं गेलं. सर उठून बोलू लागले. त्यांचं वक्तृत्व शाळेत प्रसिद्ध आहे. ते इतकं रंगलं, की मनस्वी खुणा करून करून थकली तरी आपला आवाज बंद आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शेवटी तिनेच येऊन बटण दाबलं. तोपर्यंत स्तुती संपली होती आणि अध्यक्षांना ऐकू आलं ते थेट मुद्द्याचं वाक्य.

"आपके जोखीम के पन्ने में चूहे हैं, बाढ़ है, मंदी है," सर कडाडले. हिंदी बोलताना त्यांना उगीचच वीररस चढतो. "सब है! मगर राखणदार किधर है?"

अध्यक्ष गोंधळले. त्यांनी बाजूच्या माणसाकडे पाहिलं. "राखणदार? कोई देनदारी है क्या?"

"बहुत पुरानी देनदारी है, साहब. पनवेल की जमीन पर. हर साल की. इस साल की बाकी है!"

नेमका तेव्हाच गॅलरीतून कोंबडा आरवला. अध्यक्ष म्हणाले, आपकी बात नोट कर ली गई है, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. भावेशने बोनसचं राहिलं म्हणून हळहळ व्यक्त केली. सर आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. देशापुढे आपलं हसं झालं, आणि राखण होती तिथंच राहिली. आईच्या डोळ्यांत बघायची त्यांना लाज वाटत होती.

पण शेअर बाजार ही चीज भूगोलाच्या पलीकडची आहे. त्या सभेत सगळ्या देशातले विश्लेषक नावाचे लोक कान लावून बसले होते, आणि त्यांना राखणदार माहीत नव्हता. त्यांनी एवढंच टिपलं, की पनवेलच्या जमिनीवर कसलंतरी जुनं देणं आहे, ते दरवर्षी वाढतं आणि निगमाने ते लपवलं आहे. दुसऱ्या दिवशी तसं छापून आलं. बाजार उघडल्या उघडल्या निगमाचा भाव घसरला. भावेश लुंगीवरच वर आला. "सर! काय बोलून बसलात? अरे, मी पण त्यात आहे!"

सर उठून बसले. चष्मा पुसला. प्रमिलाने पाहिलं, की कालपासून वाकलेली त्यांची मान पुन्हा ताठ झाली आहे.

संध्याकाळी निगमाची गाडी इमारतीखाली उभी राहिली आणि समीक्षा मॅडम वर आल्या. चहा घेतला, पण प्यायल्या नाहीत. सरकारला हिस्सा आणखी विकायचा होता आणि भाव पडून चालणार नव्हता. दिल्लीहून फोनवर फोन येत होते. "सर, ते देणं काय असेल ते फेडून टाका. आणि फेडलं म्हणून एकदा बाजाराला सांगा," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या.

सरांनी अटी घातल्या. पुढचं फाटक. आई पुढे. आणि कोंबडा.

मॅडमनी सगळं मान्य केलं. तरीही दुसऱ्या दिवशी फाटकावर तोच रक्षक आडवा आला. आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद लागते, त्यामुळे ही वस्तू परत नेणार की नाही, एवढंच त्याला हवं होतं. सगळ्यांनी जिजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "नाय येत परत," त्या म्हणाल्या. रक्षकाने टोपी काढली.

आत सगळ्यांना हेल्मेटं घालायला दिली. जिजाबाईंनी पदरावरून घातलं. करंज होता. त्याच्याखाली राखणदारही होता, पण निगमाने रातोरात त्याला रंग दिला होता, भोवती कठडा बसवला होता आणि वर पाटी लावली होती, 'संरक्षित क्षेत्र'. जिजाबाईंनी ती पाटी बाजूला सारून दगडाला हात लावला. "आले रं," त्या म्हणाल्या. "उशीर झाला." आणि त्या दगडासमोर मांडी घालून बसल्या.

राखण झाली. नारळ फुटला, कोंबड्याचं जे व्हायचं ते करंजामागे झालं. सरांनी खिशातून भाषणाचा कागद काढला. मालक या नात्याने चार शब्द बोलायचे असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण वर पाहतात तो गोदामातून माणसं येत होती. गोण्या शिवणाऱ्या बायका, यंत्रावरचे कामगार, लेखा विभागातले दोघे साहेब. प्रत्येकाच्या हातात नारळ. आणि सगळ्यांत मागे समीक्षा मॅडम, त्यांच्याही हातात नारळ.

"आजी, आमचंही सांगाल का?" मॅडम हळूच म्हणाल्या. "पुढे सगळंच विकणार म्हणतात. नवा मालक आला की कोणाला ठेवेल, कोणाला काढेल, काही कळत नाही. पांडूकाका गेलेच. आता आम्ही."

जिजाबाईंनी एकेकाचं नाव विचारलं आणि एकेक नाव राखणदाराला सांगितलं. "ही पोरा पन तुझ्याच जागेत हायेत. यांना भाहेर नको काढू," त्या म्हणाल्या. सरांनी भाषण घडी घालून परत खिशात ठेवलं. भिंत चढली त्या दिवशी त्यांचे बाबा बाहेरच्या अंगाला असेच हात जोडून उभे होते. आतली माणसं म्हणजे वैरी, असं सर आजवर मानत आले होते. आता त्यांना त्या सगळ्यांची मनापासून कणव आली.

"सर," मॅडमनी विचारलं, "तुम्ही तरी विकणार नाही ना?"

सरांचा हिस्सा इतका चिमूटभर होता, की तो विकला काय आणि ठेवला काय, दिल्लीला पत्ताही लागला नसता. हे मॅडमना ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं आणि लेखा विभागाच्या साहेबांना तर फारच नीट ठाऊक होतं. तरी सगळे उत्तरासाठी थांबले होते.

सरांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "सरकारचं मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण घरतांचा हिस्सा विक्रीला नाही."

एक बाई डोळ्याला पदर लावून हसली. जिजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्यांनी मुलाकडे वळून पाहिलं.

"मालक हायस ना तू? मंग नुसता बोलतस काय? या समद्यांना जेवाया बोलाव. जा, पनवेलच्या बाजारान जा, बोंबील चांगले बघून घे."

"सगळ्यांना, आई?"

"वाटप झालाय का अजून?" आई म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि पिशवी मागून घेतली.